शेखाडीत पाहायचं काय?

पत्र: आम्ही खेडचे. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. 1993 साली ते वरळीला नोकरीला होते. 12 मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांत तिथल्या सेंच्युरी बाजारजवळ त्यांचा एक सोबती गेला. मे महिन्यात आम्ही दिवेआगरला जायचं म्हणतोय, तर सासरे म्हणाले, "तो स्फोटकांचा माल जिथे उतरला ते शेखाडी तिथून जवळच ना? मला एकदा न्या." नवरा म्हणतो, असल्या जागा बघायला जाणं म्हणजे तमाशा. मुलं पंधरा आणि अकरा वर्षांची आहेत. जावं का? गेलो तर बघायचं काय, गावात विचारायचं कुणाला, मुलांना सांगायचं किती? आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन कोणत्या वाटेने जावं?
— एक वाचक, खेड

उत्तर: जा. तुमच्या यजमानांची शंका खोटी नाही, पण ती तुमच्या सासऱ्यांना लागू होत नाही. ज्याचा माणूस गेला तो ती जागा बघायला मागतो, त्याला तमाशा म्हणत नाहीत. तमाशा होतो तो आपण तिथे काय करतो त्यावरून, आणि ते तुमच्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र सासऱ्यांना घरूनच सांगून ठेवा. शेखाडीत तिकीट, पाटी, गाइड असलं काही असेल या हिशोबाने जायचं नाही. दिवेआगर आणि श्रीवर्धन यांच्यामधल्या किनारी रस्त्यावरचं ते मच्छीमारांचं गाव. रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की, गाडीच्या खिडकीतून लाटा दिसतात. कातळ, गोटे, मध्ये वाळू, ओढून ठेवलेल्या होड्या. कोकणात अशा पन्नास जागा सापडतील. "नेमकं कुठे उतरवलं?" असं विचाराल तर दोघं दोन दिशांना बोट दाखवतील आणि तिसरा तुमच्याकडेच निरखून बघेल. नेमका दगड शोधायच्या भानगडीत पडू नका. सासऱ्यांना समुद्राकडे तोंड करून दहा मिनिटं उभं राहता आलं, म्हणजे त्यांचं काम झालं.

खरं बघण्यासारखं आहे ते शेखाडीच्या अलीकडे, रस्त्यावर. आधी घटनांचा क्रम लावून घ्या, म्हणजे जागा आपोआप जुळतील. 9 जानेवारी 1993 च्या रात्री शस्त्रांचा माल दिघीला उतरला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीला दोन खेपा झाल्या. आरडीएक्स आलं ते या खेपांमध्ये. तिथून गाड्या वांगणी टॉवर नावाच्या ठिकाणापर्यंत गेल्या, तिथे माल छुपे कप्पे असलेल्या वाहनांत भरला आणि मुंबईकडे निघाला. 8 मार्चच्या सुमारास म्हसळा तालुक्यातल्या संदेरीजवळ आणि बोरघाटात शस्त्रं चालवायचं शिक्षण दिलं गेलं. 12 मार्चला शुक्रवारी दुपारी सुमारे दोन तासांत मुंबईत बारा स्फोट झाले, 257 माणसं गेली. सगळ्यात जास्त गेली ती वरळीला.

आता गोंडघर फाटा. म्हसळ्याहून दिघी-बोर्लीकडच्या रस्त्यावरचा हा फाटा. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या त्या जानेवारीच्या रात्री इथे पोलिसांनी अडवल्या. अडवल्या, घासाघीस केली आणि सोडून दिल्या. ठरलेल्या रकमेइतकी रोकड जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या. पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात या पोलिसांना शिक्षा झाल्या, कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही झाल्या आणि 21 मार्च 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचा अंतिम निकाल दिला. आमच्या मते या सगळ्या किनाऱ्यावर गुन्ह्याची जागा म्हणून एकच ठिकाण दाखवायचं तर ते हा फाटा. शेखाडीच्या वाळूला कुणी काही विचारलं नव्हतं. फाट्यावर विचारणारी माणसं खाकीत उभी होती. स्फोटाला दोन महिने शिल्लक होते.

तिथेही स्मारक वगैरे शोधू नका. रस्त्याकडेला सुरक्षित जागी गाडी लावा, सासऱ्यांना उतरवा, आणि थोरल्याला नकाशा उघडायला सांगा. दिघी, शेखाडी, गोंडघर फाटा, म्हसळा, माणगाव या पाच खुणा केल्या की एक गोष्ट त्याची त्यालाच दिसेल. किनारा लांबलचक आहे, उतरवायला खाड्या-खाचा पाहिजे तेवढ्या आहेत, पण गाडीने मुंबईकडे निघायचं तर म्हसळा चुकत नाही. किनाऱ्याला शंभर दारं आणि घाटाकडे उंबरा एकच. त्या उंबऱ्यावरचा माणूस विकला गेला की बाकीच्या पहाऱ्याला अर्थ उरत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला एवढं कळलं तर सहल फुकट गेली नाही. वांगणी टॉवर मात्र यादीतून काढा. नुसता फेरा पडेल.

हाच किनारा का, हा प्रश्न मुलं विचारतीलच. सोन्या-चांदीची चोरटी आयात या पट्ट्यात आधीपासून होत होती. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये गेला, 1992 पासून परदेशस्थ भारतीयांना पाच किलोपर्यंत सोनं कर भरून आणायला परवानगी मिळाली, आणि तो धंदा आटायला लागला. पण होड्या, उतरवणारे हात, टेम्पो, ठरलेले हप्ते ही सगळी साखळी जागेवरच होती. त्याच साखळीतून या वेळी चांदीऐवजी दुसरंच काही आलं. किती उतरवणाऱ्यांना खोक्यात काय आहे ते ठाऊक होतं, यावर न्यायालयात बराच खल झाला. टाडा न्यायालयात सगळ्या खटल्यात मिळून 100 जण दोषी ठरले, 23 सुटले. मुलांना हे आकडे सांगाच. गाव म्हटलं की, सगळं गाव त्यात, असा समज त्यांच्या डोक्यात बसायला नको.

आणि एक कान टोचून सांगायचं. हा विषय निघाला की, गाडीतलं कुणीतरी एका समाजावर घसरतं. फाट्यावर गाड्या सोडणारे आणि कस्टम्सचे दोषी ठरलेले अधिकारी यांची नावं निकालात आहेत. ती वाचली की ते बोलणं बंद होतं. निकाल मोफत वाचायला मिळतो, पण तो प्रचंड आहे. तुम्ही फक्त माल उतरवण्याचा आणि वाहतुकीचा भाग वाचा, तासाभराचं काम आहे. धाकट्याला स्फोटाच्या जागांची वर्णनं द्यायची गरज नाही. "आजोबांचे मित्र त्या दिवशी गेले, आणि ते सामान या समुद्रातून आलं" एवढं अकराव्या वर्षी पुरतं. पुढचं तो आजोबांनाच विचारील. तेव्हा मध्ये पडू नका.

गावात कसं वागायचं, ते नीट लक्षात घ्या, कारण चूक होते ती इथे. स्फोटांनंतर या भागातली बरीच माणसं चौकशीला नेली गेली. ज्यांचा संबंध नव्हता त्यांच्याही घरी पोलिस आले. त्याला तीसहून जास्त वर्षं झाली, तरी बाहेरची गाडी थांबवून कुणी "ब्याण्णव-त्र्याण्णवचं ते…" असं सुरू केलं की, माणसं पाठ फिरवतात. तर विचारू नका. दुकानात चहा घ्या, मासळीचं विचारा, यंदा पाऊस कधी धरेल ते विचारा. सासरे त्यांच्या वयाच्या कुणाशी बोलत बसले आणि विषय आपणहून निघाला, तर निघू द्या. म्हातारी माणसं एकमेकांना बरोबर ओळखतात. मुलगा मोबाइल काढून चित्रण करायला लागला, तर तो खिशात ठेवायला सांगा. समुद्राचा फोटो काढा, होड्यांचा काढा, माणसांचा विचारून काढा. "इथेच उतरला आरडीएक्स" असा मथळा देऊन गावाचा फोटो टाकला की त्या गावातल्या मुलीचं स्थळ बघायला येणारा माणूसही तोच फोटो बघतो.

पोलिस चौकी, कस्टम्सची इमारत, जेटीवरची गस्तीची बोट यांचे फोटो नकोतच. ड्रोन घरी ठेवा. ऑगस्ट 1993 पासून महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम्स यांची एकत्र गस्त सुरू झाली, 'ऑपरेशन स्वान' म्हणतात ते हेच. 2008 नंतर पहारा आणखी वाढला. त्यात 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका वाहत आली, तिच्यात तीन एके-47 सापडल्या. दहशतवादाशी संबंध नाही, ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेली बोट आहे, हे लवकरच स्पष्ट झालं. पण तेवढ्या वेळात अख्खा जिल्हा नाकाबंदीत होता. म्हणून किनाऱ्यावर कुणी "कुठले तुम्ही? कशाला थांबलाय?" असं विचारलं तर रागावू नका, नाव-गाव सांगा. 1993 साली असं कुणी विचारायला हवं होतं.

आता समुद्र. मे महिन्यात दुपारी बारा ते चार किनाऱ्यावर जाऊ नका. सासऱ्यांसाठी संध्याकाळ धरा, साडेपाच ते सात. पण संध्याकाळी पाणी कुठे असेल हे तिथी बघून ठरवा. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमी असेल तर सहा. शुद्ध असो वा वद्य, पक्षाच्या प्रतिपदेपासून मोजायचं. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण सहलीला तेवढा चालतो.

याचा अर्थ असा की, अष्टमी-नवमीच्या सुमारास गेलात तर संध्याकाळी पाणी वर चढलेलं असेल, उभं राहायला वाळू थोडी मिळेल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बारा-साडेबाराला होते, सहा-साडेसहाला ओहोटी लागून किनारा मोकळा पडतो. सासऱ्यांना चालायला सोपं जाईल ते तेव्हा. मात्र या दिवसांत उधाण असतं. पाणी जितकं लांब जातं तितकंच जोरात परत येतं. ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावर हिरवं शेवाळ असतं, त्यावर चपलेचा रबरी तळ साबणासारखा सरकतो. वाळूवर उभं राहा, कातळावर चढू नका, आणि पाणी वळलं की मुलांना वर बोलवा.

याच हिशोबाने 1993 चं पंचांग बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. 8 जानेवारीला पौर्णिमा होती, दिघीची खेप दुसऱ्या रात्रीची. 7 फेब्रुवारीला पहाटे माघी पौर्णिमा संपली. शेखाडीची दुसरी खेप त्याच तारखेची, म्हणजे वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, तेव्हा मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमारास उधाणाची भरती. भरल्या पाण्यात होडी किनाऱ्याला जवळ लागते आणि ओझं कमी अंतर उचलावं लागतं, हे कुठलाही मच्छीमार सांगेल. पण म्हणून तिथी बघूनच तारीख ठरवली होती असं मुलांना ठासून सांगू नका. पहिली खेप पौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. गणित मांडून दाखवा आणि थांबा, शेवटचा शब्द मुलांवर सोडा.

वाटेचं बोलू. खेडहून दोन वाटा आहेत. एक महामार्गाने कशेडी, पोलादपूर, महाड करत माणगाव आणि तिथून डावीकडे म्हसळा. लांब आहे, पण सासऱ्यांना झेपेल अशी, आणि गोंडघर फाटा याच बाजूला. दुसरी मंडणगडवरून वेसवी, तिथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून बागमांडला, मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन. ही देखणी आहे. मंडणगडहून म्हाप्रळ-आंबेतच्या पुलावरूनही म्हसळ्याला जाता येतं. मात्र तो पूल दुरुस्तीसाठी पूर्वी बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी मंडणगडला कुणाला तरी फोन करून विचारा. आमचा सल्ला: जाताना महामार्गाने, येताना फेरीबोटीने.

फेरीबोटीत गाडी चढवताना सासरे आणि मुलं आधी उतरून चालत जाऊ देत. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, खालचा भाग निसरडा असतो आणि फळीच्या तोंडाशी गाडीचा बंपर घासतो. पहिला गियर, क्लच अर्धा, आणि हात दाखवणाऱ्या माणसाकडेच बघायचं, आरशात नाही. आत गेलात की हँडब्रेक ओढा आणि गाडी गियरमध्येच बंद करा. शनिवार-रविवारी मे महिन्यात रांग लागते. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा.

मुक्काम दिवेआगरला आहे, तेव्हा तिथला गुन्हाही टाळता येणार नाही, मुलं विचारतीलच. 17 नोव्हेंबर 1997 ला तिथल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांना ठार मारून मुखवटा नेला आणि वितळवला. 2017 मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने मुख्य आरोपींना जन्मठेपा दिल्या. परत मिळालेल्या सोन्यातून पुन्हा घडवलेला मुखवटा 23 नोव्हेंबर 2021 ला, अंगारकीला, बसवला. लोक या प्रकाराला सर्रास "सोन्याचा गणपती चोरीला गेला" असं म्हणतात. दोन माणसं मारली गेली ते त्या वाक्यात कुठेच येत नाही. देवळात गेलात की मुलांना ते दोघे आधी सांगा, सोनं नंतर. त्याच गावचा शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा ताम्रपट मराठीच्या जुन्यातल्या जुन्या लेखांपैकी आहे. थोरल्याला इतिहासाची आवड असेल तर एवढा धागा पुरे, रूपनारायणाच्या देवळात शिलाहारकालीन मूर्ती बघताना तो त्याला उपयोगी पडेल.

एका दिवसात सगळं कोंबू नका. जाताना गोंडघर फाटा वाटेतच करून घ्या, त्या दिवशी दुसरं काही नको. दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ, दुपारी जेवून झोप, चार-साडेचारला किनारी रस्त्याने दक्षिणेकडे निघा. दिवेआगर ते श्रीवर्धन सगळा रस्ता वीस-बावीस किलोमीटर, शेखाडी मध्येच लागतं. वाटेत भरडखोलला गाडी हळू घ्या, रस्त्याच्या कडेला मासळी वाळत घातलेली असते, तिच्यावरून चाक गेलं तर कुणाची तरी आठवड्याची कमाई गेली. किनाऱ्यावर पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घाला. मेच्या शेवटी गेलात तर होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारताना दिसतील, कारण 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. अशा वेळी माणसं किनाऱ्यावर रिकामी असतात, गप्पांना तयारही असतात. सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची, पाणी, टोपी आणि त्यांच्या गोळ्या गाडीच्या डिकीत नव्हे, हाताशी ठेवा. अडचण आली तर 112, समुद्रात कुणी सापडलं तर तटरक्षक दलाचा 1554.

शेवटचं. सासरे कदाचित समुद्राला नारळ देतो म्हणतील, किंवा मित्राच्या नावाने फुलं सोडतो म्हणतील. तुमच्या यजमानांना ते अवघड वाटलं तरी करू द्या. प्लास्टिकची पिशवी, हाराचा दोरा, अगरबत्तीचा पुडा काढून घ्या. आणि वेळ साधा. पाणी चढत असताना सोडलेला नारळ पाच मिनिटांत पायाशी परत येतो, आणि अशा वेळी म्हाताऱ्या माणसाच्या मनाला ते लागतं. भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला लागलं की तासाभराने सोडा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास गेलात तर ती वेळ दीड-दोनची, भर उन्हाची, तेव्हा त्यांना गाडीतून उतरवायचं, नारळ सोडायचा आणि लगेच सावलीत आणायचं. संध्याकाळीच हवं असेल तर पंचमी-षष्ठी बघा: पावणेचार-साडेचारला भरती, पाच-साडेपाचला पाणी ओढ घेतं.